चार नट, चार रेघा

साहेब, तुम्ही खोटं बोलताय. अहवालात लिहिलंत, "ऑपरेटरचा निष्काळजीपणा." तो ऑपरेटर माझ्या ताईचा नवरा. डावा पाय प्लास्टरमध्ये, आणि या एका ओळीवर त्यांची नोकरी जाणार.

मी फिटर. त्या कलत्या टेबलाचं सामान मीच निवडलं होतं. माल आवळायला चार कड्या, टेबल उचलायला सिलिंडर, आणि त्याच्या पायाशी पिनवालं माउंटिंग, म्हणजे पिनेभोवती वळणारी बैठक. टेबल वर जाताना सिलिंडर कलतो. त्याला पायाशी वळता आलं नाही, तर आतला दांडा वाकणारच. हे चिठ्ठीत लिहून दिलं, आणि तुम्ही मला दुसऱ्या शेडमध्ये धाडलंत. बसवलं काय, ते मी पाहायला गेलो नाही. माझी चूक तेवढी.

आठ महिन्यांनी दांडा वाकला, टेबल कोसळलं.

दवाखान्यात ताई माझ्याकडे बघेना. "खरं सांग. निवडलंस तूच ना?"

"हो, पण..."

"मग पण कसला?"

"अगं, हा घरचा भेदी असता तर नुसता पाय मोडला असता होय?" भावोजी म्हणाले. "काम अर्धवट टाकायची सवय नाही त्याला." कुणी हसलं नाही. ताई तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला टेबलाखाली नेलंत. एवढा मान आजवर कधी दिला नव्हतात. "बघ, तुझ्या चिठ्ठीबरहुकूम आहे. पिनवालंच. या कागदावर तसं लिहिलंय, कर सही." मागे स्टोअरकीपर स्वतःची नखं तपासत उभा.

पिनवालंच होतं. क्षणभर माझाच माझ्यावरचा भरवसा उडाला. मग बॅटरी मारली.

नट आवळला की नटावरून पट्टीवर रंगाची एक रेघ ओढतात. नट जरा सरकला की रेघ तुटते, लगेच कळतं. इथे चार नट, चार पिवळ्या रेघा. दांडा कोपरासारखा वाकलेला, टेबल आदळलेलं, आणि एकही रेघ केसभर हललेली नाही? पिनेवर ओरखडा नाही. मी एका रेघेवर अंगठा दाबला.

अंगठा पिवळा झाला.

आठ महिन्यांत न वाळणारा रंग, साहेब, मला तरी बाजारात मिळालेला नाही.

"सही कर," तुम्ही म्हणालात.

"अंगठा चालेल?" मी म्हणालो, आणि तुमच्या त्या कागदावर पिवळा ठसा उठवला. स्टोअरकीपर खोकला. खोकला की हसला, देव जाणे.

तुम्ही तो कागद फाडलात. म्हणून हे लिहून तुमच्या दारावर चिकटवतोय, सगळे वाचतील. संध्याकाळी ताईसमोर जायचंय, आणि या वेळी मान खाली घालून जाणार नाही. तेव्हा सांगा. आधी बसवलेलं, न वळणारं माउंटिंग कुठे लपवलंत? आणि या रेघा कुणी ओढायला लावल्या?