टर्मिनल महाराजांचा कौल

सात रस्ता चौकाजवळच्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी एकशे चौदा माणसं, त्रेचाळीस नारळ आणि हार घातलेला एक लॅपटॉप होता. झेंडूच्या पाकळ्या त्याच्या पंख्यात अडकून तो घुरघुरला की भक्त हात जोडत.

टर्मिनल महाराजांनी भिंतीवर काळा पडदा उजळला. त्यावर एकच इंग्रजी ओळ. महाराज म्हणाले, “उतरवून घ्या खुशाल. मंत्र उघडा आहे, सिद्धी माझ्याकडं आहे.” एंटर दाबलं की खाली कौल उमटे: हो किंवा नाही. प्रश्न एकदाच विचारायचा, दुसऱ्यांदा विचारलं तर यंत्र कोपतं.

चौकातल्या झेरॉक्सवाल्या गुरप्पांनी गेल्या खेपेला ओळ खरंच उतरवली होती, त्यासाठी लागणारी पायथन ही संगणकभाषाही बसवली होती. “माझ्या चारी मशिनींवर घातली की. चारीवर एरर. बाबाच्या हातातच कायतरी हाय.”

माझ्या शेजारच्या मथुराबाईंनी विचारलं, साखरेच्या आजाराच्या गोळ्या सोडू का? कौल आला, हो. त्यांनी गोळ्यांचं पाकीट तिथंच दक्षिणेच्या परातीत टाकलं.

मी ते उचललं आणि मथुरामावशींना गुरप्पांच्या दुकानात नेलं. मागोमाग अर्धा हॉल आला.

महाराजांचा लॅपटॉप लिनक्स प्रणालीचा, दुकानातली यंत्रं विंडोजची. एकेरी अवतरणचिन्हांत बांधलेली ओळ लिनक्स अखंड धरतं. विंडोजची आज्ञा लिहायची काळी खिडकी तीच ओळ पहिल्या मोकळ्या जागेवर तोडते. मी बाहेरची चिन्हं दुहेरी केली, आतली एकेरी. एंटर. ‘नाही.’

गुरप्पांचा चहा बशीत सांडला. “अक्षता, तुला कधी मिळाली गं सिद्धी?”

“बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.”

ओळीत फक्त दोन शब्द होते, हो आणि नाही, आणि त्यांतला एक न बघता उचलण्याची आज्ञा. प्रश्नाला जागाच नव्हती. म्हणून तर दुसऱ्यांदा विचारायला बंदी.

मावशी हटेनात. “हितं नाही आलं. तितं हो आलं की. कुणाचं खरं?”

शंका रास्त होती. मी त्यांना खुर्चीत बसवलं, मागची ओळ परत आणणारं बटण आणि एंटर दाखवलं. त्या दाबत सुटल्या, गुरप्पा कागदावर रेघा मारू लागले. विसाव्या एंटरला दारात माणूस मावेना; चाळिसाव्याला लोक ‘हो’ येणार की ‘नाही’ यावर पैजा लावत होते. मावशींना हसून हसून ठसका लागला.

“मावशी,” मी म्हटलं, “जे दुसऱ्यांदा विचारू देत नाही, त्याच्यावर विसंबू नका. आणि साखरेचं डॉक्टरला विचारा. तो आधी रक्त तपासतो.”

शंभर एंटर झाले. हो सत्तेचाळीस, नाही त्रेपन्न. पाकिटात सकाळी दहा गोळ्या होत्या. दुपारच्या जेवणानंतर नऊ.