सोड

कुसगावच्या सोपानला देवाने उंची दिली नाही, शेतीतली बरकतही बेताचीच दिली, पण आवाज देताना मात्र हात सैल सोडला. बैलगाड्यांच्या शर्यतीत गाडा जुंपून झाला की शेवटचा शब्द द्यायचा मान त्याचा. तो 'सोड' म्हणाला की धरणारे बाजूला उड्या घेत आणि बैल उधळत. सुटणी चुकली की पुढे कितीही पळून उपयोग नाही, हे तो चहाच्या टपरीवर कोणालाही, न विचारता, समजावून सांगे. शर्यतींवर बंदी आली तेव्हा त्याने बैल विकले. बंदी उठली तोवर बैलांचे भाव आभाळाला भिडले होते आणि पोरगा मोटरसायकलच्या नादी लागला होता.

पोरगा म्हणजे सत्यम. लोणावळ्याच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या गाड्या लावायचे काम करायचा आणि उरलेला सगळा जीव ड्रॅग रेसवर टाकायचा. दोन मोटरसायकली शेजारी शेजारी उभ्या करायच्या, समोर सरळ पट्टी, दिवा हिरवा झाला की सुटायचे. वळण नाही, चढ नाही, बघता बघता संपलेही. सोपानला हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी आपला बैलगाड्यांचा घाटच की."

गाडी बांधली होती कामशेतच्या इर्शादने. स्टेशनजवळच्या आपल्या गॅरेजात तो दिवसभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा आणि रविवारी ही एकच गाडी पुढ्यात घेऊन बसायचा. या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. स्वतः पळवायची त्याची फार हौस होती, पण बायकोने, कौसरने, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. म्हणून त्याची हौस सत्यमच्या अंगावर आली.

गाडी पळायची झकास, पण सुटायची नाही. क्लच झटक्यात सोडला की पुढचे चाक वर उठे, हळू सोडला की इंजिन नुसते बोंबलत राही आणि शेजारचा निघून जाई. इर्शादने सरावासाठी एक डबा करून दिला. त्यात पिवळे दिवे एकामागून एक लागत आणि मग हिरवा. पवनेच्या वाटेवर अर्धवट राहिलेले एक प्लॉटिंग आहे. बंगले झालेच नाहीत, डांबरी रस्ता तेवढा झाला. तिथे बापलेक पहाटेचे जाऊ लागले.

सोपानने दोन दिवस बघितले आणि निदान केले. "इचार करतोय तू. दिवा दिसला, मग इचार, मग हात. बैल इचार करत न्हाई."

त्याने डबा पोत्यात घातला आणि स्वतः पोराच्या मागे उभा राहिला. शब्द कानावर पडला की बोटे उघडली पाहिजेत, मधे डोके नको. सोड. पुन्हा माघारी, पुन्हा उभा, सोड. इंजिनाच्या वर चढणारा तो आवाज, आणि पोरगा खरेच सुटू लागला. वेळ दर आठवड्याला कमी होत गेली. स्पर्धेत शब्द नसणार, दिवा असणार, हे सत्यमने एकदा बोलून पाहिले. सोपान म्हणाला, "मागं एक मानूस उभा ऱ्हातोच की. मी ऱ्हाईन."

इर्शादला मात्र त्यांनी काही सांगितले नाही. आपल्या डब्यानेच किमया केली असे तो गॅरेजात चारचौघांना सांगे, आणि सोपान मिशीतल्या मिशीत हसे. आयुष्यात बऱ्याच दिवसांनी त्याला कोणाला तरी हसायला मिळाले होते. ते हसू सोडवेना.

स्पर्धेला महिना उरला असताना इर्शाद एका सकाळी रस्त्यावर आला. चेन कुठेतरी वाजतेय, म्हणाला. गाडी मागून स्टँडवर उचललेली, इंजिन चालू, गिअर पडलेला, सत्यम क्लच दाबून बसलेला. "धरून ठेव रं," असे म्हणत इर्शाद मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि चेन किती सैल आहे ते बोटांनी चाचपू लागला. इंजिन बंद करायला हवे होते, हे त्याला शिकवायची गरज नव्हती. पण घाई होती आणि पोरावर भरवसा होता.

ऊन वर यायला लागले. पर्यटकांच्या गाड्या सुरू झाल्या की सराव बंद, म्हणून सोपान अधीर झाला. इर्शादला म्हणाला, "सोड की आता ते."

पहिल्याच शब्दाला सत्यमची बोटे उघडली आणि चाकासकट चेन फिरली.

इर्शाद ओरडलाही नाही लगेच. सत्यमने इंजिन बंद केले आणि इर्शादचा हात बाहेर काढला तेव्हा उजव्या हाताची तीन बोटे बोटे राहिली नव्हती. सोपानने डोक्याचा टॉवेल बांधला. तळेगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो टॉवेल पिळून काढावा इतका भिजला होता.

कौसर आली ती थेट सत्यमसमोर उभी राहिली. "काय झालं?"

सत्यमने बापाकडे बघितले नाही. "हात घसरला माझा," तो म्हणाला.

सोपान तिथेच होता, दोन पावलांवर, रक्ताने माखलेले हात पुढे धरून. आता बोलावे, असे त्याला वाटले. मग वाटले, डॉक्टर बाहेर येऊ दे. डॉक्टर आले, बोटे काढावी लागतील म्हणाले, आणि मग ती वेळच राहिली नाही. बोलायला एकदा उशीर झाला की शब्दाचे वजन वाढत जाते, आणि इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस, त्याला ते उचलेना.

पुढे महिनाभर सत्यम रोज कामावरून सुटला की कामशेतला जायचा. गॅरेजचे शटर उघडून द्यायचा, गिऱ्हाइकांच्या गाड्या पुसायचा, संध्याकाळी इर्शादच्या घरी औषधे पोचवायचा. कौसर पिशवी दारातूनच घ्यायची. "आत येऊ नकोस," तिने पहिल्या दिवशीच सांगितले होते. तो उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. बाजारात लोक म्हणत, सोपानच्या पोराने इर्शादचा हात खाल्ला. सोपानच्या कानावर ते यायचे. घरी पोरगा जेवताना मान वर करत नसे, आणि सोपान मनाशी म्हणे, एवढी रेस होऊन जाऊ दे, मग सांगू. असला भित्रा माणूस गावाने शब्द द्यायला उभा केला होता.

रेसला जायचे नाही असे सत्यमने ठरवले होते. इर्शाद ऐकेना. "माजी बोटं गेली, गाडी तरी पळू दे," म्हणाला.

डोंगरावरच्या धावपट्टीवर वारा होता आणि गर्दीही. सत्यम रेषेवर आला. मागे माणूस म्हणून सोपान उभा, आणि त्याच्याही मागे, अडसराच्या दोरीशी, बांधलेला हात छातीशी धरून इर्शाद. पिवळे दिवे उतरत आले. हिरवा लागला. शेजारची गाडी गेली.

सत्यम जागच्या जागी. इंजिन रडत होते आणि डावा हात क्लचवर आवळलेला तसाच. सोपानला ती बोटे दिसत होती. ती आता हिरव्या दिव्याला उघडणार नव्हती, कधीच नव्हती. लोक हसायला लागले. बापाने पूर्वीच्या त्याच आवाजात शब्द दिला.

"सोड!"

गाडी अशी सुटली की पुढचे चाक रेषेवरून इंचभरही उचलले नाही. सत्यम हरला, हरणारच होता. पण घड्याळ चाक हलल्यापासून मोजते, आणि फलकावर लागली ती त्याची आजवरची सगळ्यात चांगली वेळ, जिंकलेल्यापेक्षाही कमी. सोपानचा ऊर भरून आला. हसत हसत तो इर्शादकडे वळला.

इर्शाद फलक बघत नव्हता.

"डबा कुटंय, भाऊ?"

"पोत्यात हाय."

"तुमच्या शब्दावर सुटतंय पोरगं," इर्शाद सावकाश म्हणाला. "त्या दिवशी तुमी सोड म्हनालता. मला म्हनालता."

"व्हय."

"आन् ते म्हनालं, हात घसरला."

"व्हय."

"तुमी तितंच हुता."

सोपानने मान खाली घातली. "मी सांगतो कौसरला. आजच सांगतो."

"आता कशाला?" इर्शादचा आवाज चढलाही नाही. "मला कळायच्या आदी सांगितलं असतं तर ते सांगनं. बोटाचं मी काय म्हनत न्हाई, इंजन बंद न्हाई केलं ती चूक माजी. पर पोर महिनाभर माज्या दारात उभं हाय, भाऊ."

सत्यम गाडी ढकलत माघारी आला. दोघांकडे बघून त्याला काय ते कळले, आणि तो बापाच्या बाजूला सरकला. इर्शादने डाव्या हाताने गाडीचे हँडल धरले.

"चल," तो सत्यमला म्हणाला. "आज घरात बसून जेवायचं. कौसरला मी सांगतो."

सत्यमने एकदा मागे बघितले. इर्शाद थांबला नाही, तेव्हा तोही गाडीला हात लावून चालू लागला. सोपानला कोणी चल म्हणाले नाही.