अनंताच्या नावाचे गाऱ्हाणे

"वयनी, तुमी सांगतात तां माका कळता. पण देवासमोर उबो ऱ्हावन, गेलेल्या माणसाक बरो ठेव म्हणून सांगूक माज्यान जावचां नाय."

एवढे बोलून बाबली देवळाच्या पायरीवर बसला. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे, म्हणजे मागणे, घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. वार्षिकाच्या, म्हणजे देवळाच्या वर्षाच्या उत्सवाच्या, दिवशी प्रत्येक घराचा नारळ हाती घ्यायचा, त्या घरातल्या जिवंत माणसांची नावे एकामागून एक उच्चारायची आणि त्यांचे बरे मागायचे. प्रत्येक नावामागून जमलेल्या गावकऱ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. त्या होकाराशिवाय मागणे देवापर्यंत पोचत नाही, अशी गावाची श्रद्धा होती.

सुमंगला त्याच्यासमोर उभी होती. तिच्या कपाळावर कुंकू होते, हातांत हिरव्या बांगड्या होत्या, आणि तिचा नवरा अनंत बहारीनच्या गोदीत अपघाताने मरण पावून बरेच महिने लोटले होते. बातमी आली त्याच आठवड्यात तिचे सासरे, केरीच्या फेरीबोटीवर सारी नोकरी केलेले कृष्णनाथ, अर्धांगवायूने इस्पितळात पडले होते. धक्का बसेल असे काही त्यांच्या कानावर घालू नका, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून शव गावी न आणता साखळीला, सुमंगलेच्या माहेरी नेऊन तिथेच अग्नी दिला. अनंत सुखरूप आहे, हे पंधरवड्यापुरते म्हणून सांगितलेले खोटे पुढे घराचा नियम होऊन बसले. सकाळी कुंकू लावल्याखेरीज ती चहा-पाव घेऊन सासऱ्यांच्या खोलीत जात नसे, आणि अधूनमधून दुकानावर अनंताचा फोन आल्याचे सांगत असे. गावातल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलावीत नव्हत्या, आणि तिच्याजवळ बसून रडायलाही येत नव्हत्या. गोव्याला राज्य मिळण्याच्या आधी कोकणी की मराठी या भाषेच्या प्रश्नावर याच गावात घराघरांत वैर पेटले होते. या एका बाबतीत मात्र साऱ्यांचे मौन एकमताचे होते.

यंदा कृष्णनाथांनी हट्ट धरला. गोवा राज्य झाल्यानंतरचे हे पहिलेच वार्षिक. खुर्चीत बसवून न्या, पण देवळात न्या, पोराच्या नावाचे गाऱ्हाणे मला माझ्या कानांनी ऐकायचे आहे.

आदल्या दिवशी सुमंगलेचा भाऊ गोपाळ साखळीहून आला होता. तो शाळेत शिकवी आणि कोणताही प्रश्न त्याच्या मुळापर्यंत नेल्याशिवाय सोडीत नसे. म्हाताऱ्याला काही कळू देऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. दुःख हा अनुभव आहे. जे कोणाच्या अनुभवाला आलेच नाही, त्याला दुःख तरी कसे म्हणावे? म्हातारा चवीने जेवतो, शांत झोपतो, मुलाचे नाव निघाले की हसतो. त्याच्या आयुष्यात उणे काय आहे?

सुमंगला तांदूळ निवडीत होती. सासऱ्यांना ती मामा म्हणे. मान वर न करता ती म्हणाली, "मामांनी सुख खंय मागलां? तेंका अनंत बरो होयो होतो."

यावर गोपाळकडे उत्तर होते. ती इच्छा पुरवणे आता कोणाच्याच हाती नाही. मग उरलेले सुख तरी का हिरावून घ्यावे? या उत्तरात चूक काढणे कठीण होते. सुमंगलेनेही ती काढली नाही. ती फक्त एवढेच म्हणाली की तुझ्या हिशेबात मी कुठे बसते, ते मला सापडत नाही. मग गोपाळने तोडगा सुचवला: गाऱ्हाण्यात अनंताचे नाव न घेता 'घरच्या सगळ्यांक' एवढेच म्हणावे. त्यात खोटे काहीच नव्हते.

बाबलीने आता पायरीवर बसून हाच तोडगा ऐकला, आणि होकारार्थी मान हलवली.

दुपारी कृष्णनाथांची खुर्ची सभामंडपात आणली. धुवट सदरा, एका बाजूला ओढलेला ओठ, मांडीवर निर्जीव पडलेला हात. बाबलीने नारळ उचलला. घराण्याचे नाव घेतले, कृष्णनाथांचे घेतले. लोकांनी होकार दिला. मग तो झपाट्याने म्हणाला, "आनी ह्या घरच्या सगळ्यांक बरां कर म्हाराजा..."

"बाबल्या," कृष्णनाथांचा शब्द जड, पण स्पष्ट आला. "पोराचां नाव खंय गेलां?"

बाबलीने सुमंगलेकडे पाहिले. तिने नजर खाली वळवली. अखेर त्याने डोळे मिटले आणि म्हटले, "अनंत कृष्णनाथ. परमुलखात आसा. तेका बरो ठेव म्हाराजा."

कोणीच 'व्हय म्हाराजा' म्हटले नाही. कोणी ठरवून गप्प राहिले नव्हते. मंडपाबाहेर मुले खेळत होती, त्यांचा आवाज तेवढा येत होता. गोपाळही जमिनीकडे पाहू लागला.

कृष्णनाथांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिले. उभा जन्म त्यांनी याच लोकांना पैलतीरी उतरवले होते. शेवटी त्यांची नजर सुनेवर आली.

"केन्ना?"

"तुमी इस्पितळात होतात तेन्ना, मामांनू."

ते रडले नाहीत. बराच वेळ त्यांची मान हळूहळू हलत राहिली, आणि बरा असलेला हात खुर्चीची कड चाचपत राहिला. गोपाळ त्यांना घरी न्यायला पुढे झाला, तेव्हा त्यांनी त्याला थोपवले.

"गाऱ्हाणां अर्दां सोडू नये. बाबल्या, सुनेचां नाव घे."

बाबलीने सुमंगलेचे नाव घेतले. मग तो अडखळला. सवाष्णीसाठी मागायचे शब्द त्याच्या जिभेवर होते. तिच्यासाठी कोणते, ते त्याला आठवेनात.

"तिका काय होया तां तिकाच इचार," कृष्णनाथ म्हणाले.

सारा मंडप तिच्याकडे वळला. सुमंगला पुढे येऊन देवासमोर उभी राहिली. बाबली दोन्ही हातांत नारळ धरून थांबला.