सोमवारची गोळी

मी एक जुना सागवानी पाट आहे. मित्रांनो, पाट म्हणजे बूड टेकायची फळी, तेव्हा माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. पारोळ्याच्या सुताराने मला घडवलं आणि धुरपदाबाईंच्या रुखवतासोबत मी त्यांच्या सासरी आलो. माझ्यावर बसून त्यांनी भाकऱ्या थापल्या, भरताची वांगी सोलली. मी दिसलो नाही की "मन्हा पाट कोठे शे?" म्हणत घर डोक्यावर घ्यायच्या.

पुढे आम्ही जळगावला, मेहरूण भागातल्या फ्लॅटमध्ये आलो. मुलगा योगराज, सून कामिनी. ऊन काय ते बाल्कनीपुरतं. एके दिवशी बाई माझ्यावरून उठायला गेल्या, पण त्यांना उठवेचना. दोघांनी काखेत हात घालून उचललं. बाई तोंडाला पदर लावून रडल्या. मला फ्रिजमागे उभं केलं गेलं. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. अंगावर धूळ बसली, तीही कळेनाशी झाली.

डॉक्टरांनी रक्त तपासून व्हिटॅमिन डीची गोळी दिली, आठवड्याला एक. महिने गेले, तरी बाई खुर्चीतच. अखेर कामिनीने डॉक्टरांना फोन लावला.

"आई, डॉक्टर विचारताहेत, गोळी कधी घेता?"

"सोमवारले. उपास ऱ्हास, म्हनीसन ध्यानमा ऱ्हास."

"कशाबरोबर?"

"कोरा चहा."

कामिनीने कपाळावर हात मारला. "अहो, ही गोळी तेलातुपाच्या जेवणानंतर घ्यायची! उपाशीपोटी अंगी कशी लागणार?"

"मंग आधी का नही सांगं?" बाई म्हणाल्या.

गोळी मंगळवारवर गेली. आधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वर शेंगदाण्याचं तेल, मग गोळी. लगेच काही झालं नाही. मी तर वाट बघणंच सोडलं होतं.

परवा फ्रिजमागे एक हात आला. बाईंनी मला ओढून काढलं, पदराने पुसलं आणि माझ्यावर बसून जेवल्या. योगराज हात द्यायला पुढे आला.

"सरक बाजूले!"

त्यांनी माझ्या कडेवर तळहात दाबला. इतका दाबला की मी कुरकुरलो. दुखलं हो मला, किती दिवसांनी! आणि बाई आपल्या आपण उभ्या राहिल्या.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना "गोळी घेतली का?" एवढंच विचारू नका. "आधी काय जेवलात?" हेही विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत पाटासारखे बसून राहा.