रोमन घरातला जावई

सत्यजितने सासऱ्यांना आजवर एकच थाप मारली होती, पण ती मारताना हात आखडला नव्हता. जर्मनीतल्या कोलोनच्या एका संग्रहालयात हौशी मंडळी जुन्या रोमन घराचा देखावा उभारून मेजवानी देत. त्यात आपण घरमालक असतो, असं त्याने फोनवर बेधडक ठोकून दिलं. खरं तर तो गुलाम होता. संग्रहालयाच्या केसलरबाईंनी एका दंतवैद्याला पोट पाहून मालक केलं आणि भारतातल्या माणसाला चूल फुंकता येणारच, म्हणून याला स्वयंपाकघरात ढकललं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या सत्यजितने चूल फक्त कॅलेंडरवर पाहिली होती.

सासरे दत्ताजीराव म्हणजे निवृत्त तहसीलदार. लग्नाला बारा वर्षं झाली तरी जावयाशी ते अर्जदाराशी बोलावं तसं बोलत. एकदा तरी त्यांच्या मनात भरावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती. आणि बायकोने, म्हणजे नंदिनीने, नवऱ्याला सरप्राइज म्हणून वडिलांना थेट मेजवानीलाच आणून बसवलं!

केसलरबाई पाहुण्यांना सांगत होत्या, की या घरात माणसाची पत नाकाला कळायची. पुढच्या दालनात गुलाबपाणी, उंची तेलाचे दिवे, मऊ गाद्या. मागे धूर, खारवलेल्या माशांचा रस आणि चुलीला खेटून संडास. मग सगळ्यांत वडील म्हणून त्यांनी दत्ताजीरावांना मानाच्या गादीवर रोमन रिवाजाप्रमाणे जेवायला आडवं केलं आणि टाळी वाजवली. पाहुण्यांचे पाय धुवायला गुलाम आत आला.

गुलामाच्या हातात घंगाळ, तोंडाला काजळी आणि अंगाला माशांचा वास. सासऱ्यांना पाहताच धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

"सत्यजितराव? मालक तुम्ही ना?"

"नाही, बाबा. थाप मारली. मी इथे गुलाम आहे."

सत्यजित खाली मान घालून पाय धुऊ लागला. पावलं सुजलेली होती, म्हणून तो जरा जपूनच चोळत होता.

"लग्नात तुमचे पाय माझ्या भावाने धुतले," दत्ताजीराव हळूच म्हणाले. "माझी कंबर धरली होती म्हणून."

"हो, आठवतंय."

"कंबर ठणठणीत होती. माझ्या पोरीला एवढ्या लांब नेणार आणि वर मीच तुमचे पाय धुवायचे? माझ्याच्याने होईना."

सत्यजितला वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं. बारा वर्षं तो स्वतःतच खोट शोधत बसला होता.

तेवढ्यात दत्ताजीराव कण्हत उठले. त्यांनी जावयाला दंडाला धरून मानाच्या गादीवर बसवलं, स्वतः खाली बसले आणि त्याच्या राखेने माखलेल्या पावलांवर पाणी ओतू लागले.

"अहो बाबा, सगळे बघतायत!"

तीस पाहुणे खरंच बघत होते. दंतवैद्याच्या हातातलं द्राक्ष तोंडापाशीच थांबलं. केसलरबाई "हाल्ट, हाल्ट!" करत धावत आल्या आणि जर्मनमध्ये तावातावाने बोलू लागल्या.

"काय म्हणतायत बाई?"

"रोमन घरात असं कधीच होत नसे, म्हणतायत."

"आमच्यात होतं म्हणावं," टाचेची काजळी अंगठ्याने घासत दत्ताजीराव म्हणाले. "फक्त माझ्याकडून बारा वर्षं राहून गेलं."