बत्तीस घरं

चार वाजेपर्यंत चूक सापडली नाही तर मनोजला कायमचा घरी पाठवतो, असं योगेश सरांनी सकाळीच फोनवर ठणकावलं होतं. आता तीन वाजून गेले होते आणि माझ्या हाती काहीही लागलं नव्हतं.

मी पिंपळगावच्या रस्त्यावर द्राक्षांच्या शीतगृहात, पॅनेलसमोर खुर्ची टाकून बसले होते. खोलीची थंडी सांभाळणारं ते पॅनेल आमच्या अंबडच्या कारखान्यातलं. आतला प्रोग्राम माझा. शेतकऱ्यांची नावं मराठीत टाकायची सोय तेवढी माझ्या हाताखालच्या मनोजची. पंख्यांवरचा बर्फ वितळवायची वेळ आली की प्रोग्राम मरायचा आणि खोली तापायला लागायची. मराठी आलं आणि बिघाड आला, एवढ्यावर सरांनी निकाल लावला होता. कारखान्यात मात्र हाच प्रोग्राम तीन दिवस न कुरकुरता चालला. वात आणला होता मेल्याने! आणि मनोजने परवाच सिडकोत खोली घेऊन बायकोला हरसूलहून आणलं होतं.

शीतगृहाच्या मालकीण लंकाबाई तिसऱ्यांदा चहा घेऊन आल्या. "ताई, माल नरम पडंल. लय येळ झाला."

"बघतेय ना!" मी खेकसले. लगेच लाज वाटली, पण चहा तसाच गार झाला.

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर डीबगर, प्रोग्राममधली चूक शोधायचं साधन, उघडा होता. त्यात चित्र नाही, बटण नाही. आपण एक ओळ लिहायची, तो विचारलं तेवढंच सांगतो. सकाळपासून मी विचारत होते, मेला कुठे? दर वेळी तो एकच जागा दाखवायचा. बर्फ वितळवण्याच्या कामाचा पत्ता मेमरीत जिथे असायला हवा, तिथे कचरा. तो कचरा टाकला कोणी, हे मात्र कळत नव्हतं, कारण टाकणारा केव्हाच पुढे गेलेला असायचा. मला रडू येत होतं.

मग कुठे डोकं चाललं. मी त्या जागेवर पहारा बसवला. इथे कोणी हात लावला की जागच्या जागी थांब. प्रोग्राम पहिल्यापासून सुरू केला. चार सेकंदांत तो थांबला. साठवलेली नावं वाचतानाच.

कचऱ्याचे आकडे बघितले. ई-शून्य, ए-चार. पुन्हा ई-शून्य, ए-चार. मराठी अक्षरांचे आकडे असेच असतात. म्हणजे मनोजच! मी अख्खं नाव मागितलं.

श्री गणेशाय नमः.

पॅनेल सुरू केलं त्या दिवशी लंकाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हणाल्या होत्या, "पहिलं देवाचं नाव घाला ताई, मंग माल." ते नाव मी टाकलं होतं. माझ्या हाताने. कारखान्यात देवाचं नाव कोण कशाला टाकेल?

नावासाठी प्रोग्राममध्ये बत्तीस घरं होती. इंग्रजी अक्षराला एक घर पुरतं. मराठीत अक्षराला तीन, वर मात्रेला वेगळी तीन. बत्तिसात 'श्री गणेशाय' बसलं आणि 'नमः' शेजारच्या पत्त्यावर जाऊन पडलं. बत्तीस हा आकडाही माझाच. मनोजने विचारलं होतं, "मॅडम, मराठीला जागा कमी पडेल, वाढवू का?" आणि मी म्हटलं होतं, "मला शिकवू नकोस."

आकडा वाढवला. थोड्या वेळाने बर्फ वितळला, पंखे पुन्हा फिरले. चारला दहा मिनिटं कमी असताना सरांना फोन लावला.

"सापडली चूक. मनोजची नाही."

"त्याने दोनलाच राजीनामा दिला," सर म्हणाले. "म्हणाला, मॅडमच्या कामात चूक निघणार नाही, म्हणजे माझीच असेल."

मी लॅपटॉप मिटला.

"हॅलो? उज्ज्वला? मग चूक कोणाची?"

लंकाबाई दारात उभ्या होत्या. "सापडलं का वो ताई? काय व्हतं?"

"मी होते," मी म्हणाले. दोघांनाही.