दहानंतरचा काटा

अधिकबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. वजाचं चिन्ह हवं तिथे ती हमखास अधिक ठोकून द्यायची, म्हणून आजोबांनी ते ठेवलेलं. मागच्या चाचणीत गळक्या टाकीचं समीकरण लिहायचं होतं, तर हिच्या टाकीत दर तासाला पाणी वाढतच गेलं. बाईंनी लाल शाईत लिहिलं, 'एवढं पाणी ठेवणार कुठे?' सगळा वर्ग हसला, आणि तेव्हापासून समीकरण म्हटलं की पोर आधी खोडरबर शोधायची.

आज त्याच समीकरणावर तिची सगळी भिस्त होती. आजोबांची फुप्फुसं थकलेली. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर. आई आठला छापखान्यात गेली. नवा सिलिंडर चारला येणार होता. "सिलिंडरच्या काट्यावर नजर ठेव, काही वाटलं तर फोन कर," असं सांगून ती निघाली. नजर ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मोठी माणसं कधी सांगत नाहीत.

आठला काटा एकशेवीसवर होता. नऊला एकशेदहा, दहाला शंभर. मग शाळेत शिकवल्याप्रमाणे तिने सुरुवातीचा आकडा आधी लिहिला आणि दर तासाचा बदल नंतर: क = १२० − १०त. क म्हणजे काटा, त म्हणजे तास. वजाचं चिन्ह तिने दोनदा गिरवलं. चारला आठ तास होतील, म्हणजे चाळीस उरतील. तिच्या जिवात जीव आला आणि ती खिडकीपाशी बाकीचा गृहपाठ करत बसली.

अकराला काटा नव्वदवर हवा होता, तो ऐंशीवर होता. आपलीच नजर चुकली असेल, असं म्हणून तिने तो विषय सोडला. बाराला ऐंशी हवे होते, तर साठ.

तिने काटा पुन्हा पाहिला, साठच. पण खुळी पोर, तिला आधी शंका आली ती स्वतःचीच. नेहमीसारखं काहीतरी चुकलं असणार. आईला फोन करून सांगणार तरी काय, माझं गणित जुळत नाही? तिने खोडलं, दर तासाला पंधरा घेतले. बाराचे साठ बरोबर आले. पण मग दहाला नव्वद यायला हवे होते, आणि शंभर तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

तिने सगळे आकडे एकाखाली एक मांडले. दहापर्यंत तासाला दहा, दहानंतर तासाला वीस. म्हणजे समीकरण चुकलं नव्हतं. दहा वाजता काहीतरी झालं होतं.

ती उठून सिलिंडरपाशी गेली. ऑक्सिजन कमी-जास्त करायचा नॉब आईने दोनवर ठेवला होता, तो चारवर होता.

"आजोबा, हा तुम्ही फिरवलात?"

आजोबा भिंतीकडे बघत राहिले. "श्वास पुरेना गं. तू खाली मान घालून लिहीत होतीस. म्हटलं, उगाच कशाला घाबरवा."

"आता पुरतोय?"

ते हो म्हणायला गेले आणि मध्येच धाप लागून थांबले.

साठ, आणि दर तासाला वीस वजा. तीनला सिलिंडर संपणार होता. तिने आईला फोन लावला आणि सगळे आकडे वाचून दाखवले.

"चिन्ह नीट बघितलंस ना?" आईने विचारलं.

"बघितलं. तीनला संपेल. पण आई, आजोबांना दहापासून दुप्पट लागतोय. आणि तरी पुरत नाहीये."

"ॲम्ब्युलन्स पाठवते. मीही निघाले. त्यांच्याजवळून हलू नकोस."

ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरीणबाईंनी आपला सिलिंडर जोडता जोडता विचारलं, "धाप कधीपासून वाढली?"

"हे काय, आत्ताच जराशी," आजोबा म्हणाले.

मोठ्यांना खोटं पाडायचं म्हणजे तिच्या अंगावर काटा यायचा. तरीही ती बोलली. "दहा वाजल्यापासून. ते लपवताहेत."

डॉक्टरीणबाईंनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी नातीचा हात धरला आणि डोळे मिटून घेतले.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले.

हेच तीन शब्द ऐकायला तिने वर्षभर जीव टाकला होता. आता ते मिळाले, आणि आपलं गणित चुकलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.